मामूंची पाण्याची वही

आमच्या मामूंचा दिवस फजरच्या नमाजनंतर विहिरीवर सुरू व्हायचा. हातात मोजपट्टीचा टेप, टोकाला बांधलेला लोखंडी नट. नट पाण्याला टेकला की 'टप्प' असा आवाज येई. मग कठड्यावर खिळ्याने कोरलेल्या खुणेपाशी टेप धरून ते आकडा वाचत, कठड्याची उंची वजा करत आणि शंभरपानी वहीत तारीख घालून लिहून ठेवत. सुट्टीत आजोळी गेलो की मला वाटायचं, हा म्हाताऱ्या माणसाचा चाळा आहे.

आजोळ चंद्रपूर जिल्ह्यातलं, वर्धा नदीकडच्या कोळसापट्ट्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, मामी नको म्हणाल्या. मामू तिथल्याच एका खुल्या खाणीत पंप खलाशी होते. आमच्यापैकी कित्येकांना वाटतं, खाण म्हणजे फक्त कोळसा काढणं. पण कोळसा असतो भूजलाच्या पातळीच्या खाली. खड्डा जसा खोल जातो तसं चारी बाजूंच्या वालुकाश्मातलं पाणी त्यात झिरपत राहतं, आणि ते रात्रंदिवस उपसलं नाही तर खाण बुडते. म्हणून खाणीच्या तळाशी संप करतात आणि त्यावर पंप चालतात. उपसा चालू राहिला की भोवतालची पाण्याची पातळी पेरणीच्या चाड्यासारखी खड्ड्याच्या दिशेने उतरती होते. त्या उतारावर ज्याची विहीर सापडली, तिचं पाणी खाली जातं.

मामू म्हणायचे, "मी ड्युटीवर जे पाणी उपसतो, त्यात थोडं माझ्याच विहिरीचं आहे." ते हसत सांगायचे. मामी हसायच्या नाहीत. पण घर त्याच पगारावर चाललं, तीन मुलं त्याच पगारावर शिकली, हेही खरं.

वही सुरू झाली 2009 साली. गावाच्या बाजूला नवा पट्टा खणायचं तेव्हा ठरत होतं, खणलं नव्हतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. मामूंनी कुणाकडून तरी एका खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स मिळवली होती. कोळसा खाणींच्या अशा अनेक पत्रांत एक अट असते: परिसरातल्या विहिरींची आणि पीझोमीटरची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची, म्हणजे मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत. मामूंनी तेच चार महिने धरले. वेळ मात्र त्यांची स्वतःची. रात्रभर कुणी पाणी शेंदलेलं नसतं, मोटर चाललेली नसते, म्हणून फजरनंतर विहिरीची खरी पातळी कळते. दुपारी चारला मोजलेला आकडा विहिरीचा नसतो, शेजारच्या मोटरचा असतो.

पीझोमीटर हा शब्द मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकला. बारीक बोअर असतो तो, ठरावीक खोलीच्या थरातच पाणी आत येऊ देणारा. खोल थरातला दाब त्यात कळतो, आपल्या विहिरीत वरच्या थराचं पाणी दिसतं. दोन्हींचे आकडे वेगळे येऊ शकतात आणि दोन्ही खरे असू शकतात. खाणीचा पीझोमीटर होता कॉलनीच्या बाजूला. आमच्या गावातली एकही विहीर यादीत नव्हती.

काही वर्षांनी विस्तारासाठी जनसुनावणी लागली. मांडव, खुर्च्या, नाश्त्याची पाकिटं. गावकरी उठून म्हणाले, विहिरी आटल्या. सल्लागार कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "पाऊस कमी झाला असेल. तुमच्याकडे खाणीच्या आधीचे आकडे आहेत का?"

प्रश्न उद्धट होता, पण चुकीचा नव्हता. आधीचा आकडा नसेल तर आत्ताचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. मामू पिशवीतून वही काढून पुढे गेले. मेमधला आकडा त्यांनी दाखवलाच नाही. मे महिन्यात कुणाचीही विहीर खाली जाते. त्यांनी नोव्हेंबरचं पान उघडलं. खणायच्या आधी नोव्हेंबरात पाणी 6 फुटांवर असायचं. 2013 च्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यात पूर आले होते, ते मांडवातल्या सगळ्यांना आठवत होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पाणी 13 फुटांवर होतं. "इतका पाऊस पडूनही विहीर भरली नाही, तर कमी कोण पडलं, साहेब?"

वही प्रमाणित नाही, असं उत्तर मिळालं. तरीही एका तरुण भूवैज्ञानिकाने जेवणाच्या सुट्टीत पानापानाचे फोटो काढले. पुढच्या वर्षी आमच्या कठड्यावर निळ्या रंगात एक क्रमांक आला आणि विहीर निरीक्षणाच्या यादीत गेली. इतकंच मिळालं. मामूंना ते पुष्कळ वाटलं होतं.

पाण्याच्या प्रतीचं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. कोळशात आणि त्याच्या भोवतीच्या दगडात लोह-गंधकाचं खनिज असतं. हवा आणि पाणी लागलं की त्यातून आम्ल तयार होतं. आमच्या भागात चुनखडी भरपूर, सिमेंट कारखाने तिच्याच जिवावर उभे आहेत. आम्ल तिच्याशी गाठ पडली की शमतं. त्यामुळे पाण्याचा सामू बरा दिसतो, पण सल्फेट आणि कठीणपणा पाण्यातच राहतात. केवळ सामूची पट्टी बुडवून 'पाणी ठीक' म्हणणाऱ्यावर म्हणून विश्वास ठेवू नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर 400. आता उलट बाजूही सांगायला हवी. जिल्ह्यात काही ठिकाणी फ्लोराइड मुळातच खडकातून येतं, त्याचं खापर खाणीवर फोडता येत नाही.

मशिदीच्या बोअरचं पाणी पिवळसर यायला लागलं, तेव्हा लोकांनी इमामसाहेबांना विचारलं, वजू होते का? ते म्हणाले, जमिनीतल्याच खनिजाने रंग बदलला तर पाणी नापाक होत नाही, वजू करा. मग थांबून म्हणाले, "पाक आहे म्हणून पिण्यालायक आहे, असं मी म्हटलेलं नाही." पिण्याबद्दल त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेकडे पाठवलं.

मामू 2019 मध्ये गेले. वही आता मामेभावाकडे आहे. मंजुरीच्या त्याच झेरॉक्समध्ये पातळी चार वेळा, पण प्रत फक्त मेमध्ये तपासायची असं लिहिलं आहे. मामेभावाचं म्हणणं, मातीच्या ढिगाऱ्यांतून पाणी उतरतं ते पावसात, मग मेमधली बाटली काय सांगणार? म्हणून यंदा त्याने जुलैतही नमुना भरायचं ठरवलंय. एक चूक तो आधी करून बसला होता. भरताना स्वच्छ दिसणारं पाणी संध्याकाळपर्यंत तांबूस झालं, लोह बाटलीच्या तळाशी बसलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं, लोहासाठी वेगळी बाटली न्या, आम्ल घातलेली, भरल्या भरल्या बंद करा.

परवा त्याचा फोन आला होता. दोन बाटल्या आणल्यात म्हणाला, आणि टेपचा नट गंजलाय, नवा बांधायचाय.