गॅपचं शपथपत्र

"पुण्यात शिकले म्हणता, अन् डिगरी दिल्लीची? हे कसं काय, भाऊ?"

जुलै २०१९. एम.ए. इतिहासाच्या प्रवेशासाठी मी विद्यापीठाच्या खिडकीशी उभा होतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही.

आधीचं थोडक्यात. मी पातूरचा. रेणुकामातेच्या टेकडीच्या पायऱ्या पहाटे धावत चढायचो. बारावीत यूपीएससीची लेखी, मग एसएसबीची मुलाखत, मग खडकवासल्याची एनडीए. तीन वर्षं, सहा टर्म, मे २०१७ मध्ये बी.ए. तिथल्या खेत्रपाल मैदानावरची परेड पाहायला बाबा पहिल्यांदा पुण्याला आले. तिथून डेहराडून, इंडियन मिलिटरी अकॅडमी, म्हणजे आयएमए. कमिशनला चार महिने उरले असताना भिंतीवरून उडी चुकली. गुडघ्याचं लिगामेंट, ऑपरेशन, मेडिकल बोर्ड, आणि काळी ट्रंक घेऊन मी अकोला स्टेशनवर. लोकांना हेच ऐकायचं असतं. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

तर खिडकी. एनडीएच्या कॅडेटला पदवी जेएनयू देतं. पदवी जेएनयूची, पण जेएनयूचं फाटकही मी पाहिलेलं नाही, हे खिडकीतल्या बाबूंना पटवण्यात सकाळ गेली. "ते कॉलेज हाये काय?" टीसी नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. तरी ते सगळं निस्तरलं. मायग्रेशन सर्टिफिकेट दिल्लीहून टपालानं आलं.

मग त्यांचं बोट २०१७ वर थांबलं.

"इथून पुढं काय केलं?"

"आयएमएत होतो."

"पास झाले?"

"नाही."

"मंग गॅप झाला. शपथपत्र आणा."

पातूरला तहसीलसमोर टपरीत टायपिस्ट बसतो. त्याच्याकडे नमुना तयारच होता, फक्त नाव आणि सालं भरायची. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर त्यानं टाइप केलं : सदर कालावधीत मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही व कोणतेही शिक्षण घेतलेले नाही. मी म्हटलं, हे खोटं आहे. आयएमएतल्या चेटवुड इमारतीसमोर पाय सोलून निघेपर्यंत ड्रिल केली, रात्र-रात्र नकाशे वाचले, बर्फासारख्या पाण्यात उतरलो, हे शिक्षण नव्हतं तर काय होतं? तो म्हणाला, "भाऊ, सगळे असंच लिहितात. तुम्ही कायले टेन्शन घेता?" मी दुसरा मजकूर हातानं लिहून दिला. खिडकीतून तो परत आला, कारण नमुन्यात बसत नव्हता. दुसरा स्टॅम्पपेपर, पुन्हा शंभर रुपये. मी सही केली. आयुष्यात शपथेवर खोटं बोललो ते एवढंच, आणि तेही जे केलं ते केलंच नाही असं सांगण्यासाठी.

त्याच अर्जात 'माजी सैनिक' असा एक रकाना होता. वैद्यकीय कारणानं प्रशिक्षणातच बोर्डआऊट झालेला कॅडेट माजी सैनिकही नसतो. म्हणजे मी विद्यार्थी नव्हतो आणि सैनिकही नव्हतो. माझे कोर्समेट पुढे मेजर झाले, त्यातले काही वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात जातील आणि मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. घेऊन येतील. त्यांना टीसी कोण विचारणार?

पण माझं तरी बरं. पदवी हातात होती. ओळखीचा एक जण चौथ्या टर्मला घरी आला. तो बारावीच्या गुणपत्रिकेवर पुन्हा एफवायला बसला, तीन वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर. म्हणून अकादमीत असणाऱ्यांना मी सांगतो, प्रत्येक टर्मच्या गुणपत्रिकेची प्रत घरी पाठवत जा. ते हसतात. मीही हसलो असतो.

आता एक कबुली. खडकवासल्यात पहाटेच्या पीटीनंतर वर्गात मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलो होतो. सगळेच शिकतात. एम.ए.च्या पहिल्या सत्रात सातवाहनांवर चार पानं लिहायला बसलो आणि दीड पानावर आटपलं. सरांनी विचारलं, "बी.ए.ला काय वाचलं होतं?" मला नाव आठवेना. त्या दिवशी वाटलं, बाबूंनी 'ते कॉलेज हाये काय' विचारलं ते अगदीच चुकीचं नव्हतं. गंमत म्हणजे ज्या पातूरच्या लेण्यांत आम्ही लहानपणी लपाछपी खेळलो, ती मी नीट पाहिली ती एम.ए.ला आल्यावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये बोर्डआऊट कॅडेटांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. दिवसभर फोन येत राहिले. आईनं विचारलं, "आता तुले परत घेतीन काय?" नाही म्हटलं, तर ती भाजी निवडायला बसली.

त्याच आठवड्यात मी पीएच.डी.चा अर्ज भरत होतो. पुन्हा तोच प्रश्न : खंड असल्यास कारण. अर्धा तास बसलो. मग ट्रंकेतून जुनं शपथपत्र काढलं आणि त्याचीच झेरॉक्स जोडली.