आधी कुणाला दाखवायचं?

माहितीपटाच्या कामात पहिल्यांदा शिरले तेव्हा माझ्याकडे बूम आला. लांब दांड्याच्या टोकाला माइक, त्यावर वारा अडवणारी केसाळ टोपी, कानाला हेडफोन. फिल्म पुण्यातल्या घरकामगार बायकांवरची होती. पाठीशी संस्था वगैरे काही नव्हती. दिग्दर्शिका ताई, एक कॅमेरामन आणि मी. कॅमेरा चौकटीपुरतं बघतो. हेडफोनमध्ये मात्र सगळंच एकदम येतं: शेजारच्या खोलीतला टीव्ही, नळ, मालकीणबाईंची पावलं, आणि ती पावलं जवळ आली की मावशींचा बदलणारा आवाज. यातलं काय धरायचं नि काय सोडायचं, हे मला कळेना. ताईंनाही ते दर वेळी नव्यानं ठरवावं लागत होतं.

परवानगीच्या बाबतीत तर मी पुरती चक्रावले. काम मावशींचं, पण घर दुसऱ्याचं, भांडी दुसऱ्याची, आणि तिथे चित्रीकरण करू देणारेही दुसरेच. मावशींकडून घ्यायचं संमतीपत्र वेगळं. त्याची भाषा वकिली. ताई ते मोठ्यानं वाचून दाखवत आणि मावशींचा होकार मी ध्वनिमुद्रित करत असे. एका मावशींनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही केल्यावर मागनं नाही म्हनता येतंय का?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. या कामातले जुनेजाणते या प्रश्नाचं काय करतात, ते शोधायच्या मी मागे लागले.

देशोदेशींचे स्वतंत्र माहितीपटकार यावर सतत बोलत असतात. रात्री जागून मी त्यांच्या ऑनलाइन चर्चा ऐकल्या. कुणाला काळजी पडद्यावर कोण दिसतं याची, कुणाला दिग्दर्शकाच्या खुर्चीत कोण बसतं याची, कुणाला पैसा कुणाचा याची, तर कुणाला प्रेक्षागृहात चाकाची खुर्ची शिरते का याची. प्रत्येकाचं पटायचं. सकाळी बूम हातात घेतला की मात्र त्यातलं आज काय करायचं ते उमगायचं नाही. ताई म्हणाल्या, "आधी 'मोलकरीण' बघ."

१९८० साली पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संप केला आणि संघटना बांधली. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव यांच्या 'युगांतर' गटानं १९८१ साली त्यावर 'मोलकरीण' ही फिल्म केली. पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर 'तंबाखू चाकिला ऊब आली'. निपाणीत या गटानं चार महिने त्या बायकांबरोबर काढले. तीन हजारांहून जास्त बायका संपात होत्या. कारखान्याच्या आत कॅमेरा कसा पोचला, हे मला त्या चार महिन्यांमुळे समजलं. मोबाइलवर हवं तितकं चित्रण करता येणाऱ्या आपल्या काळात तो संयम मला फार मोठा वाटतो.

मग फोगो बेटाची गोष्ट सापडली, आणि मावशींच्या प्रश्नाला पहिल्यांदा काही आधार मिळाला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचं हे मासेमारांचं बेट. सुमारे पाच हजार वस्ती, धंदा बसलेला, आणि लोकांना तिथून हलवावं असा सरकारचा विचार. १९६७ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या 'चॅलेंज फॉर चेंज' या उपक्रमातून कॉलिन लो तिथे गेले. त्यांनी एक मोठी फिल्म केलीच नाही, दोन डझनांहून जास्त छोट्या छोट्या फिल्म केल्या. एकेक फिल्म एका माणसाची किंवा एका प्रसंगाची. एकाचं वाक्य कापून दुसऱ्याच्या वाक्यापुढे ठेवायचं आणि दोघांचं भांडण लावून द्यायचं, हा संकलनातला हुकमी डाव त्यांनी टाळला. तयार झालेलं आधी बेटावरच्याच लोकांना दाखवलं. आपल्या बोलण्यातलं काही नको असेल तर ते काढायला सांगायची त्यांना मुभा होती. त्यानंतरच त्या फिल्म मंत्र्यांपर्यंत गेल्या, आणि तिकडून आलेलं उत्तरही चित्रित होऊन बेटावर परत आलं. एकमेकांचं पडद्यावर ऐकून लोकांना कळलं, की आपल्या अडचणी सारख्याच आहेत. मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बेट वस्तीचंच राहिलं. सगळं श्रेय फिल्मना देणं बरोबर नाही. लोक आधीपासून धडपडत होतेच. पण क्रम कसा होता ते बघा: आधी बेट, मग मंत्री.

हा क्रम महत्त्वाचा का, ते आपल्याकडच्या एका प्रकरणातून मला जास्त कळलं. बुंदेलखंडात दलित आणि इतर ग्रामीण बायकांनी चालवलेलं 'खबर लहरिया' हे वृत्तमाध्यम. त्यांच्यावर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी केलेला 'रायटिंग विथ फायर' २०२१ साली सनडान्सला गौरवला गेला आणि पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. २०२२ च्या मार्चमध्ये, सोहळ्याच्या तोंडावर, 'खबर लहरिया'नं निवेदन काढलं. फिल्म प्रभावी आहे, पण तिच्यात आम्ही जणू एकाच पक्षाच्या मागे लागलेलो दिसतो आणि ते आमच्या कामाचं खरं चित्र नाही, असा त्याचा आशय. हे वाचून मी बराच काळ अस्वस्थ होते. फिल्म मला आवडली होती, आजही आवडते. दिग्दर्शकांनी कित्येक वर्षं त्या बायकांच्या मागोमाग चित्रण केलं, त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. आणि तरीही, आपलंच काम जगापुढे अर्धं मांडलं गेलं असं त्या पत्रकारांना वाटत असेल, तर तेही तितकंच खरं धरायला हवं. विचारणं म्हणजे काय, याचा माझ्यापुरता अर्थ तेव्हा ठरला: अजून बदलता येतंय तोवर विचारणं.

आम्ही आमच्या फिल्मचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, मावशींच्या वस्तीतल्या समाजमंदिरात लावला. भिंतीवर चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, लहान मुलांचा कल्ला. मावशींनी दोन गोष्टी काढायला सांगितल्या. नवऱ्याच्या दारूचा उल्लेख एकीला नको होता, कारण मुलीचं लग्न ठरत होतं. दुसरीनं स्वतःचा पगार सांगितला होता. तो ऐकून दुसऱ्या घरी कमी देतील, अशी तिला भीती. ताईंनी दोन्ही काढलं. पगाराचा आकडा गेल्यावर फिल्मचा एक कणाच गेला, असं कॅमेरामनचं म्हणणं होतं आणि ते चूक नव्हतं. मग बायकांनीच सुचवलं: एकीचा नको, सगळ्यांचे दर संघटनेच्या बैठकीत मोठ्यानं सांगू, ते घ्या. ती बैठक आता फिल्ममधला सगळ्यात ठाम भाग आहे.

माझ्याकडे आलेलं पुढचं काम सबटायटलचं. इंग्रजी सबटायटल सगळेच करतात, महोत्सवांसाठी ती लागतात. ताईंना मराठीही हवी होती, ऐकू न येणाऱ्या मराठी प्रेक्षकांसाठी. म्हणजे संवाद लिहायचे, शिवाय 'दाराची कडी', 'आतून हाक' हे आवाजही लिहायचे. संवादांपाशी मी अडले. मावशी 'पानी' म्हणतात. 'पानी' लिहिलं तर वाचणारा त्यांना हसेल. 'पाणी' लिहिलं तर त्यांचं बोलणं पुसलं जाईल. जाणकारांना विचारलं, प्रत्येकाचं मत वेगळं. शेवटी मावशींनाच मुलीकडून वाचून घ्यायला दिलं. त्या म्हणाल्या, "मी बोलते तसंच लिवा. पन मग त्या बाईंचं बी त्या बोलतात तसंच लिवा."

आणि खरंच, आमच्या पहिल्या मसुद्यात मालकीणबाईंचं "ॲक्च्युअली ना, आय मीन, शी इज लाइक फॅमिली" हे वाक्य "त्या आम्हाला घरच्यासारख्याच आहेत" असं नेटकं झालं होतं. सगळी सबटायटल नव्यानं लिहिली. नियम एकच, सगळ्यांना सारखा. इतक्या चर्चा ऐकल्या, पण समावेशाची याहून चोख व्याख्या मला कुठे मिळाली नाही.

'क्रिप कॅम्प' हा अमेरिकी माहितीपट मी या दरम्यान पाहिला. अपंग मुलांचं एक उन्हाळी शिबिर आणि तिथून पुढे १९७७ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या धरण्यापर्यंत गेलेली हक्कांची चळवळ. सहदिग्दर्शक जिम लेब्रेक्ट स्वतः चाकाच्या खुर्चीत, त्या शिबिरात किशोरवयात गेलेले, आणि पेशानं ध्वनिसंयोजक. आवाजाचं काम करणारा माणूस स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो, याचा मला फार आनंद झाला. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरच्या दलित शेतकरी बायकाही कितीतरी वर्षं स्वतः कॅमेरा चालवताहेत. आमच्या फिल्मचा कॅमेरा अजून आमच्याच हातात आहे, आणि कितीही विचारलं तरी हा फरक उरतोच.

सध्या श्राव्य वर्णनाचं काम चालू आहे. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी संवादांच्या फटीत दृश्य सांगायचं. ते तपासायला एक दृष्टिहीन सर आले होते. "मावशी लादी पुसतात" हे ऐकून त्यांनी थांबवलं. "उभ्यानं, की बसून?" फिल्म गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलते आणि आमच्याकडे मावशींचे गुडघे नीट दिसणारं एकही दृश्य नव्हतं. ते आता घ्यायचं आहे, जमिनीच्या पातळीवरून, त्याच घरात.

त्या घरच्या बाईंनी अजून होकार दिलेला नाही. आधी फिल्म दाखवा म्हणतात. मागणी रास्त आहे, त्यांचंही बोलणं फिल्ममध्ये आहे. पण दाखवली आणि काही खटकलं, तर काम मावशींचं जाईल. ताईंना वाटतं, दुसऱ्या घरी चित्रण करावं. माझं मत, दाखवावी. पण केव्हा, आणि खोलीत कोण कोण असावं, हे मावशींनी ठरवावं. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहोत.