आजीचे श्वास

रात्रीचे दहा. आठवीच्या पोरांनी आज एका आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. ढाणकीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणं सोपं नाही. पण त्याची घरघर एकदा आवाजात मिसळली की निघता निघत नाही. सॉफ्टवेअरने फार उपसायला गेलं, तर माणसाचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरपा ठेवला, म्हणजे 'प', 'फ'चा फुत्कार थेट माइकवर आपटत नाही. सुरुवातीचे १० सेकंद सगळे गप्प. खोलीची ही शांतता पुढे कापलेल्या तुकड्यांचे जोड झाकायला लागते.

मग 'ऑडॅसिटी' उघडलं. २००० साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आमच्या जुन्या संगणकावरही चालतं. जात्याची घरघर वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ओवीखाली हळू ठेवली. एका मुलीने आजीचे श्वास कापून टाकले होते. ऐकलं, तर ओवी कोणी दुसरंच म्हणतंय असं वाटलं. कुणी काही बोलायच्या आत तिने स्वतःच ते परत आणले. मला फार बरं वाटलं.

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात गावोगावच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आमच्याकडे आज चार. पाचवी ओवी आजी उद्या सांगणार आहे; पहाटे, शेजारची पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत.