वाट पाहणारी अंडी

बीडहून वडवणीमार्गे परळीकडे निघाले की वाटेत तेलगाव लागते. धारूर तालुक्यातील हे गाव साखर कारखान्यामुळे परिसरात परिचित आहे. उसाच्या हंगामात येथे बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. उन्हाळा कडक गेला की त्याच रस्त्याने पाण्याचे टँकर धावू लागतात. अशा गावात कोणी मासे पाळण्याचा छंद लावून घ्यावा, याचे शेजाऱ्यांना नवल वाटते. त्याहून नवल असे की, येथील एका निवृत्त गुरुजींच्या कपाटात, जुन्या पंचांगांच्या कप्प्यात, पुढच्या वर्षीचे मासे पाण्यावाचून ठेवलेले असतात. प्लॅस्टिकची एक लहान पिशवी, तीत मूठभर तपकिरी भुसा आणि वर पेनाने लिहिलेली तारीख, एवढेच बाहेरून दिसते.

या माशांना किलीफिश म्हणतात. नाव ऐकून गुरुजींच्या सूनबाई प्रथम दचकल्या होत्या. अहिंसेचा संस्कार असलेल्या घरात हे कसले नाव? परंतु इंग्रजीतील मारण्याच्या शब्दाशी या नावाचा काही संबंध नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा किंवा पाण्याचा लहान प्रवाह. त्यावरून हे नाव पडले असे मानतात.

आपल्याकडेही किलीफिश आहेत. कोकणातील व गोव्यातील ओढ्यांत, भातखाचरांच्या कडेला पाण्याच्या पृष्ठभागालगत स्थिर उभा राहणारा ‘अप्लोकायलस लिनिएटस’ हा मासा त्याच कुळातला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेंसिएन यांनी 1846 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, ते मुंबईच्या नमुन्यांवरून. तो डासांच्या अळ्या आवडीने खातो. असे असताना हिवताप विभाग आपल्या डबक्यांत परदेशी गप्पी सोडतो, ही गोष्ट थोडी खटकतेच. हा देशी मासा पाणवनस्पतींत रोज थोडी थोडी अंडी घालतो आणि साधारण दोन आठवड्यांत पिले बाहेर पडतात. कोरड्या उन्हाळ्यासाठी मात्र त्याची अंडी घडलेली नाहीत.

गुरुजींकडे आहे तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावरचा ‘नोथोब्रँकियस गुंथेरी’. पुण्यातील एका छांदिष्टाने त्याची अंडी त्यांना टपालाने पाठविली होती. पावसाळ्यात भरणाऱ्या आणि नंतर आटून जाणाऱ्या डबक्यांत हा जन्मतो, काही आठवड्यांतच वयात येतो, तळाच्या चिखलात अंडी घालतो आणि डबके आटले की मरतो. घरच्या टाकीत त्याला मिळाले तर वर्षभराचे आयुष्य मिळते. नराची शेपटी लालभडक, अंगावर निळसर हिरवी झाक. मादी अगदीच साधी, मातकट. याच कुळातील झिम्बाब्वे व मोझांबिक येथील ‘फर्झेराय’ नावाची जात तर इतकी अल्पायुषी, की वार्धक्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत तीच पाळतात. माणसाला जे पाहायला सत्तर वर्षे लागतात, ते तेथे काही महिन्यांत पाहून होते.

पाळण्याची रीत फार अवघड नाही, चिकाटी मात्र हवी. एका नराबरोबर दोन माद्या ठेवाव्यात. टाकीला झाकण अवश्य असावे, कारण हे मासे उड्या मारतात. उकळून घेतलेला नारळाच्या काथ्याचा भुसा एका वाडग्यात घालून तो तळाशी ठेवला की जोडी त्यात शिरून अंडी घालते. आठ-पंधरा दिवसांनी तो भुसा जाळीत ओतून हलक्या हाताने पिळायचा व वर्तमानपत्रावर पसरायचा. चहाचा चोथा पिळून घटकाभर उघडा ठेवला की जितका ओलसर राहतो, तितकाच ओलावा ठेवून तो पिशवीत भरायचा. त्यानंतर दोन-तीन महिने वाट पाहायची. तेलगावच्या मे महिन्यात हीच खरी परीक्षा असते. पारा चाळिशीच्या वर जातो, वीज जाते. तेव्हा गुरुजी ती पिशवी पितळी डब्यात घालून माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्याशेजारी ठेवतात. एका वर्षी त्यांना हे उशिरा सुचले आणि सारी अंडी पांढरी पडली. टाकीतील मासे तोवर म्हातारे झालेले होते. वंश तेथेच संपला. पुन्हा पुण्याला पत्र लिहावे लागले.

अंड्यातील गर्भ वाढीच्या तीन निरनिराळ्या टप्प्यांवर थांबू शकतो. त्यामुळे एकाच दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी तयार होत नाहीत. पहिला पाऊस पडला की काही फुटतात, काही तशीच राहतात. तो पाऊस फसवा निघाला, चार दिवसांत डबके पुन्हा आटले, तरी मागे राहिलेली अंडी दुसऱ्या पावसासाठी शिल्लक असतात. मृगाच्या सरीवर भरवसा ठेवून सगळे बियाणे एकदम मातीत घालणाऱ्या आणि मग दुबार पेरणीसाठी बँकेच्या दारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्याला राखून ठेवण्याची ऐपत नसते, एवढाच फरक.

गुरुजींचे हे मासे आपल्या आडात सोडावेत, म्हणजे डास कमी होतील, अशी सूचना गल्लीतील मंडळींनी एकदा केली. त्यांनी ती मानली नाही. परक्या प्रदेशातील जीव आपल्या आडात, ओढ्यात वा माजलगावच्या धरणात सोडू नये, यावर ते ठाम आहेत.

परंतु सूनबाईंच्या प्रश्नापुढे हा ठामपणा टिकला नाही. या माशांना कोरडे खाद्य सहसा रुचत नाही. मोठ्यांना डासांच्या अळ्या लागतात. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना आर्टेमिया. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या सरोवरांतील एक सूक्ष्म जीव. त्याचीही अंडी डब्यात वर्षानुवर्षे कोरडी राहतात आणि मिठाच्या पाण्यात घातली की एक-दोन दिवसांत फुटतात. चातुर्मासात रात्रीचे पाणीही वर्ज्य करणाऱ्या सूनबाईंनी तो डबा हातात घेऊन विचारले, “अण्णा, पिशवीतली अंडी वाट पाहतात म्हणून तुम्ही त्यांना एवढं जपता. मग या डब्यातलेही वाट पाहणारेच ना?”

निसर्गात मासा हेच खातो, हे उत्तर गुरुजींपाशी होते. पण टाकी निसर्गाने मांडलेली नव्हती. ती त्यांनीच मांडली होती. ते काही बोलले नाहीत. त्या वर्षापासून तीन टाक्यांची एकच टाकी झाली, आणि अंडी मागणाऱ्यांना ती पाठविणेही त्यांनी बंद केले. सगळेच का थांबवत नाही, असे सूनबाईंनी विचारले नाही. कपाटात पिशवी होती. तिच्यातील जीव वाळवून टाकणे हाही मार्ग नव्हता.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर आली. गुरुजींनी भिंगाखाली भुसा तपासला. अंड्यांत काळे डोळे दिसत होते. सूनबाईंनी माठातील गार पाणी दुहेरी फडक्यातून गाळून आणून दिले. ते पसरट परातीत ओतून त्यावर भुसा सोडला. संध्याकाळपर्यंत पापणीच्या केसाएवढी अकरा पिले कडेकडेने फिरू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई मंदिरात गेल्यावर गुरुजींनी आर्टेमियाचा डबा उघडला.

उरलेला भुसा त्यांनी पिळला, वर्तमानपत्रावर पसरला आणि दुपारी पुन्हा पिशवीत भरून वरची तारीख खोडून नवी लिहिली.