आजीबाईंचा घोडा

ऑनसाइटला गेलेला मराठी माणूस पहिल्या वीकएण्डला न्यूयॉर्क करतो, दुसऱ्याला बॉस्टन, तिसऱ्याला नायगारा. फोटो लगेच ग्रुपवर. मी चौथ्या वीकएण्डला चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंबरोबर पिस्तूल घ्यायला गेले. आईला हे अजून सांगितलेलं नाही. तिने हा अंक वाचला तर काय ते बघू.

ऑक्टोबर 2024 ची गोष्ट. माझं काम हार्टफर्डला. कनेक्टिकट राज्यातलं हे शहर म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांचं माहेरघर, त्यामुळे आपल्या आयटीवाल्यांना काही अगदीच परकं नाही. राहायला मात्र एन्फिल्डला, मॅसॅच्युसेट्सच्या सीमेला चिकटून. (नाव ऐकून टीममधल्या बुलेटप्रेमींचे कान टवकारले. बुलेटचं नाव इंग्लंडातल्या एन्फिल्डवरून आलंय, या गावाचा तिच्याशी संबंध नाही.) वरची खोली माझी, खाली घरमालकीण एकट्या. मनातल्या मनात मी त्यांना आजीबाई म्हणायचे.

एका संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात आमच्या शिलाई मशीनच्या तेलासारखा वास. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चिंध्या, ब्रश आणि मधोमध एक रिव्हॉल्व्हर. मी दारातच थांबले. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, अंगठ्याने एक खटका पुढे ढकलला आणि त्याचं गोल चक्र बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. पाच भोकं. पाचांतूनही पलीकडचा दिवा दिसत होता.

"बघ, रिकामं आहे. आता ये आत."

ते होतं स्मिथ अँड वेसनचं 'चीफ्स स्पेशल'. 1950 मध्ये निघालेलं हे मॉडेल, पुढे त्याला 36 हा नंबर मिळाला. तळहातात मावेल एवढं, सगळं पोलादी, निळसर काळ्या झळाळीचं, मुठीला अक्रोडाचं लाकूड. आपल्या डोक्यात रिव्हॉल्व्हर म्हणजे 'शोले'तला गब्बर. तीन गोळ्या हवेत उडवून चक्र गरागरा फिरवतो तो. यात सहा नाहीत, पाचच मावतात. आजीबाईंचे यजमान सीमेपलीकडे स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात होते. हीच झळाळी आणण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते गेले आणि रिव्हॉल्व्हर त्यांच्या ड्रॉवरमधून यांच्या ड्रॉवरमध्ये आलं.

आता ते बदलायचं होतं. कारण एकदम साधं, संधिवात. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की तोच घोडा मागे नेतो, चक्र एक घर फिरवतो आणि मग घोडा सोडतो. या सगळ्यासाठी बोटात पाचेक किलोचा जोर लागतो. आजीबाईंना लोणच्याची बरणीसुद्धा माझ्याकडून उघडून घ्यावी लागत होती.

शनिवारी त्यांच्या गाडीतून निघालो. दुकान कनेक्टिकटमध्येच होतं, पण त्या म्हणाल्या, आधी स्प्रिंगफिल्ड बघ. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. शहर बास्केटबॉलचं जन्मगाव (1891), डॉ. स्यूस यांचंही, आणि 'इंडियन' नावाची मोटरसायकलही 1953 पर्यंत इथेच बनायची. तिचाही आपल्याशी संबंध नाही. आज नावांचा दिवसच असा होता.

पण शहराचा खरा धंदा बंदुकांचा. टेकडीवरची सरकारी आर्मरी 1794 ते 1968 चालली. आता तिथे संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. आत शिरल्यावर नजर जाते ती शेकडो मस्केट बंदुकांच्या मांडणीवर. उभ्या नळ्या ओळींत अशा रचल्यात की चर्चमधला ऑर्गनच वाटावा. कवी लाँगफेलो 1843 मध्ये नव्या बायकोबरोबर इथे आला होता. ही उपमा म्हणे तिचीच, कविता त्याच्या नावावर. (काही गोष्टी कुठेच बदलत नाहीत.) आजीबाई मात्र थांबल्या थॉमस ब्लँचार्डच्या लेथपाशी. बंदुकीचा वेडावाकडा लाकडी दस्ता नमुन्यावरून हुबेहूब कोरणारं एकोणिसाव्या शतकातलं यंत्र आहे ते. "लाकूड हाताला ओळखतं," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

परतताना रुझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर त्यांनी गाडी हळू केली. यजमानांचा कारखाना. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी स्प्रिंगफिल्डमध्ये 1856 मध्ये बस्तान बसवलं. राज्यात काही बंदुकांच्या उत्पादनावरच बंदी आणणारा कायदा येऊ घातलाय, असं कारण देत कंपनीने 2021 मध्ये स्थलांतर जाहीर केलं आणि 2023 मध्ये मुख्यालय टेनेसीतल्या मेरीव्हिलला गेलं. पिस्तुलांची जुळणी तिकडे गेली. रिव्हॉल्व्हर मात्र अजून इथेच बनतं. म्हणजे आजीबाई आज घेणार होत्या ते गाव सोडून गेलेलं, आणि विकणार होत्या ते मागे राहिलेलं. मी हे बोलून दाखवलं नाही. त्यांना माहीत होतंच.

दुकानात काउंटरवर नवं पिस्तूल आलं. 'शील्ड ईझी', नऊ मिलिमीटर. दिसायला? प्रामाणिकपणे सांगते, ड्रिल मशीनची धाकटी बहीण. सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकचा. हे पर्व खऱ्या अर्थाने सुरू केलं ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकने. 1982 मध्ये त्याचं पिस्तूल तिथल्या लष्कराने स्वीकारलं, तोवर त्याची ओळख पडद्याचे रॉड आणि चाकू बनवणारा अशी. अमेरिकेत गेल्यावर अफवा उठली की हे एक्स-रेत दिसतच नाही. नळी आणि वरची स्लाइड पोलादी असताना! पण पोलिसांना ते भावलं, वजनाला हलकं आणि मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या. न्यूयॉर्क पोलिसांनी उरलीसुरली रिव्हॉल्व्हर 2018 मध्ये बाद केली.

ईझीत आठ मावतात. स्लाइड मागे ओढायला हलकी, मॅगझिन भरायला मदत करणारं बटण, मूठ नीट आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. घोडा आहे, पण आत लपलेला. मुंबईच्या भाषेत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, आणि इथे तोच गायब!

मला हात लावायची सोय नव्हती. तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगणं हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडून. मी जॅकेटच्या खिशात हात घालून उभी राहिले. खरं सांगू? हातात घ्यावंसं वाटत होतं. स्वतःचाच जरा राग आला.

दुकानदार आजीबाईंना एकच गोष्ट घोकवत होता. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी असू शकते. घरांतले कितीतरी अपघात याच एका गैरसमजातून होतात. जुन्यात चक्र उघडलं की पाचही घरं डोळ्यांना दिसायची. यात मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, आत बघा. या क्रमानेच. उलट केलं तर मॅगझिनमधली गोळी वर येऊन बसते.

आजीबाईंनी उलट केलं. दोनदा.

गाडीत मी विचारलंच. हात थरथरतात, नातवंडं येतात, मग हे ठेवायचंच कशाला? सँडी हूक शाळेचं न्यूटाउन इथून साधारण सव्वा तासावर. 2012 मध्ये तिथे वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. त्या मुलाने आईच्याच बंदुका वापरल्या होत्या. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. हे शेवटचं मी बोलले नाही. एकट्या राहणाऱ्या बाईंना कसं बोलणार?

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिजोरी घेतली आहे, बोटाच्या ठशाने उघडणारी. रात्री खट झालं की पूर्वी तो उठायचा. आता मला उठावं लागतं."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. पण उत्तरही सुचलं नाही.

जुन्याचे पैसे मात्र कमी आले. मूठ मूळची नाही, काळं रबर आहे, असं म्हणत दुकानदाराने भाव पाडला होता. आजीबाईंनी वादच घातला नाही. घरी आल्यावर पर्समधून रुमालात गुंडाळलेले अक्रोडाचे दोन तुकडे निघाले. निघण्यापूर्वीच एक स्क्रू फिरवून काढलेले. खिडकीत, टोमॅटो पिकायला ठेवले होते, त्यांच्या शेजारी त्यांनी ते ठेवून दिले.

रविवारी सकाळी त्या टेबलापाशी रिकामं पिस्तूल घेऊन बसल्या, नळीचं तोंड बागेकडच्या भिंतीकडे. समोर मी माहितीपुस्तक घेऊन. गोळ्या तिजोरीत, हे आधी मी बघून आले होते.

"मॅगझिन काढा."

"काढलं."

"स्लाइड मागे. आत बघा."

त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून बघितलं, मग करंगळी घालून चाचपलं.

"रिकामं."

"पुन्हा."

अकरा वेळा केलं. माझा चहा पार गार झाला.