गोल दिव्यांची काच

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचे दिवे गोल होते, सात इंची, आणि त्यांची काच खरोखरीची काच होती. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ती गाडी म्हातारी झाली, पत्रा गंजला, दारं ओघळली. पण काच अखेरपर्यंत नितळ राहिली. उन्हाचं तिला काही वाटतच नसे. खडा उडून तडकली, तर बाबा दुकानातून नुसती काच आणून बसवत. दुखणं असे ते आतलं. पावसाळ्यात रबराच्या कडेतून पाणी झिरपलं की चंदेरी रिफ्लेक्टर काळवंडायचा.

गणपतीला आम्ही रात्रीचे कोकणात निघायचो. महाडला चहाला थांबेपर्यंत दिव्यांवर किड्यांचा थर साचलेला असे. बाबा ओल्या वर्तमानपत्राने तो पुसत, आजी राखेने कंदिलाची काच पुसायची त्याच निगुतीने. मग पुढे कशेडी घाट. उजेड पिवळा, आजच्या मानाने मिणमिणताच. वरून कित्येक गाड्यांच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवलेला असे, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. तरी त्या उजेडावर आमचा पूर्ण विश्वास होता.

आता माझ्या गाडीचे दिवे पॉलिकार्बोनेटचे आहेत. हे प्लास्टिक हलकं, दगडाने सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात वळणारं. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याचं रक्षण करतो तो वरचा पातळ लेप. उन्हातली अतिनील किरणं आणि धूळ तो लेप खातात, मग खालचं प्लास्टिक पिवळं, दुधी होत जातं. सोसायटीच्या आवारात माझ्या गाडीचा एक दिवा गुलमोहराच्या सावलीत असतो, दुसरा उन्हात. उन्हातला आधी आंधळा झाला. गेल्या वर्षी रात्रीच्या पावसात रस्त्याकडेची पांढरी रेघ दिसेना, तेव्हा मी धास्तावले.

गॅरेजमध्ये पूर्ण दिवाच बदलायचा सल्ला मिळाला. नुसती काच बदलायची सोय राहिलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून लेकाला घेऊन घरीच बसले. आधी साबणाने धुणं, मग भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप. हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एका दिशेने घासायचा. पिवळट पाणी ओघळतं, ते पांढरं होईपर्यंत घासत राहायचं. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षाही भयंकर दिसतो. घाबरायचं नाही. मग दोन हजार, तीन हजार, प्रत्येक वेळी आधीचे ओरखडे पुरते जाईपर्यंत. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मऊ फडकं, की आतला बल्ब लख्ख दिसू लागतो.

टूथपेस्टने होतं म्हणणारे पुष्कळ भेटतात. होतं, पण थोड्या दिवसांपुरतं; कारण घासून चमक येते, गेलेला लेप येत नाही. त्यामुळे अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट मारल्याशिवाय उठायचंच नाही. आणि धुरकटपणा आतून असेल, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य.

बाबा खुर्ची टाकून सगळं बघत होते. कोट वाळल्यावर त्यांनी भिंतीसमोर दिवे लावायला सांगितले, दोन्हीकडचा उजेड न्याहाळला, आणि विचारलं, ‘‘मग यंदा गणपतीला रात्रीच निघायचं ना?’’