कळंबची पायवाट

लातूरहून कुर्डुवाडीकडे जातांना वाटेंत 'कळंब रोड' नांवाचें एक स्टेशन लागतें. नांव वाचून नवखा प्रवासी तेथें उतरला, तर त्याची चांगलीच फजिती होते. कारण कळंब गांव तेथून बरेंच दूर, मांजरा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची लहानगी गाडी लातुरास पोंचली. परंतु कळंबच्या वांट्यास स्टेशन आलें नाहीं, नांव तेवढें आलें. गांवाचा सारा व्यवहार आजहि रस्त्यावरच चालतो. बार्शी, येरमाळा, कळंब, केज असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग हाच गांवाचा आधार, आणि आतां हीच त्याची चिंताहि.

आमची थोरली आत्या लग्न होऊन याच गांवीं आली. गेल्या मार्गशीर्षांत तिला भेटण्याचा योग आला. पहाटे उठून देवदर्शनास पायीं जाण्याचा तिचा नेम आमच्या घरांत सर्वांस ठाऊक होता. दुसरे दिवशीं पाहातों तों ती माजघरांतच जपमाळ घेऊन बसलेली!

"आत्या, तुझा नेम मोडला कीं काय?" मीं विचारलें.

"अरे, देव आहे तेथेंच आहे. मधला रस्ता तेवढा माझा राहिला नाहीं," ती म्हणाली.

तिच्या बोलण्याचा अर्थ संध्याकाळीं कळला. मीच आग्रह करून तिला बाहेर काढलें होतें. दिवाळी सरली कीं या भागांत ऊसतोड सुरू होते आणि रात्रंदिवस उसाची वाहतूक चालते. ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या, त्यांतून दोहों बाजूंस हात हात बाहेर आलेला ऊस, आणि मागें बहुधा दिवा नाहीं. समोरून असें एक धूड आलें. आम्ही बाजूस सरलों. पण सरणार कोठें? डांबराच्या कडेशीं वीतभर खोल खांच होती. आत्याचा पाय तींत मुरगळला. उसाचीं वाढीं माझ्या खांद्यास घासून गेलीं. चालकास बोल तरी काय लावावा? आम्ही त्याला दिसलोंच नसूं.

ही खांच कोणी मुद्दाम खणलेली नव्हती. मराठवाड्याची काळी माती पावसांत फुगते आणि पाणी ओसरलें कीं आक्रसून भेगाळते. त्यामुळें रस्त्याची साइडपट्टी दर वर्षीं खचते आणि डांबराची कड तुटते. ओल्या खडीस डांबर नीट धरत नाहीं, म्हणून डागडुजी पावसाळा सरल्यावरच करावी लागते. नेमक्या त्याच सुमारास कारखान्याच्या गव्हाणींत पहिली मोळी पडते. डांबराचा हंगाम आणि उसाचा हंगाम असे एकाच वेळीं सुरू होतात. काम चार आठवडे लांबलें, कीं पायीं चालणारा त्या दोहोंच्या कचाट्यांत सांपडतो. म्हणून माझें म्हणणें एवढेंच, कीं डागडुजीचा आरंभ रस्त्याच्या मध्यापासून न होतां कडेपासून व्हावा. मोळी पडण्यापूर्वीं साइडपट्टी मुरूम घालून, दाबून भरावी. मधले खड्डे त्यानंतर बुजवावे.

हा विचार विलक्षण वाटेल; पण स्वीडनमधील कार्ल्सकूगा या गांवानें तो करून दाखविला आहे. तेथें हिंवाळ्यांत बर्फ पडतें. पूर्वीं तें आधीं मोठ्या रस्त्यांवरून काढीत. विचारान्तीं असें दिसून आलें, कीं चार बोटें बर्फांतून मोटार सहज जाते, पण बाबागाडी ढकलणारी आई अडते आणि म्हातारीं माणसें घसरून पडतात. तेव्हां त्यांनीं क्रम बदलला व पायवाटा आधीं मोकळ्या केल्या. आपल्याकडे बर्फ नाहीं. पण खचलेली कड आहे, आणि पायांना धोका तोच.

आपल्या देशांत २०२२ सालीं रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. निर्वेध पदपथ हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें सांगितलें. भारतीय रस्ते परिषदेची मार्गदर्शिका वस्तींत किमान १.८ मीटर मोकळा पदपथ असावा असें म्हणते. कळंब तालुका तर चालणाऱ्यांचाच. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याच्या येडेश्वरीला लोक पायीं जातात. शेगांवची श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपुरास जातांना कळंबला मुक्काम करिते. यात्रेकरूंसाठीं आपण चार दिवस रस्ता मोकळा करितों. मग रोज शाळेस जाणाऱ्या मुलांसाठीं कां करूं नये?

हें सारें मी रात्रीं पंक्तींत तावातावानें बोलत होतों. आतेभाऊ शांतपणें ऐकत होते. शेवटीं ते म्हणाले, "नगरपरिषदेला अर्ज आपण करूंच. पण आपल्या दाराची पायरी पाहिलीस का? ती हातभर रस्त्यांत आहे. ओटा वाढवितांना मींच पुढें घेतली."

मी गप्प बसलों. खरोखर, गांवांतील पायवाट सरकारनें जितकी गिळली, तितकीच आपल्या ओट्यांनीं, पायऱ्यांनीं आणि दारांत उभ्या केलेल्या फटफट्यांनीं गिळली आहे. अर्जावर सही करण्याचा अधिकार त्या घराला आधीं मिळवावा लागेल.

तिसरे दिवशीं गवंडी आला आणि पायरी मागें घेतली गेली. त्याच दुपारीं अर्जहि लिहिला: दसऱ्याच्या आंत साइडपट्टी भरावी, वस्तीपुरती पांढरी रेघ ओढावी, आणि प्रत्येक ट्रॉलीमागें लाल चकाकती पट्टी असल्याची तपासणी व्हावी. घरांतील मुलांस ताकीद मिळाली, कीं पदपथ नसेल तेथें उजव्या कडेनें, समोरचें वाहन दिसेल असें चालावें, आणि तिन्हीसांजेस अंगावर पांढरें वस्त्र असावें.

निघतांना आत्यास नमस्कार केला. तिच्या घोट्याला अजून हळदीचा लेप होता. उंबऱ्याशीं येऊन तिनें मागें घेतलेल्या पायरीकडे पाहिलें आणि म्हणाली, "आपल्या दारापुरता रस्ता झाला, बाळ. देवळापर्यंतचा तेवढा राहिला."